दोरीखालून

उद्यमनगरात, बंद पडलेल्या फौंड्रीच्या मागं,
एक टोक खांबाला, एक खिडकीच्या गजाला,
माझ्या खांद्याच्या उंचीवर
मुजावर हवालदारांनी सुताची दोरी बांधली.
वस्ताद म्हटलेलं त्यांना चालत नाही.
"वस्ताद तांबड्या मातीतले. मी सिमेंटचा."

पहिले सहा महिने ठोसाच नाही.
दोरीखालून डावीकडं, दोरीखालून उजवीकडं.
गुडघ्यानं वाक, कमरेनं नको,
कमरेनं वाकतात तो नमस्कार.
डोळे वर. पायांकडं काय बघतेस,
पाय काय पळून जात नाहीत.

मग फरशीवर त्यांनी खडूनं पावलं काढली
आणि मला हसू आलं.
आमच्या घरात गौरीची पावलं मीच काढते,
उंबऱ्यापासून चुलीपर्यंत.
मूठ वळायची, ओल्या पिठात बुडवायची,
कडेचा ठसा, वर बोटानं पाच टिपके, झालं पाऊल.
मुठीतून पाऊल निघतं हे मला ठाऊक होतं.
पावलातून मूठ निघते, हे त्या फरशीवर कळलं.

गौर सरळ आत येते, उजवं, डावं, उजवं.
खडूची पावलं तशी चालत नाहीत.
डावीकडं जायचं तर डावं आधी,
उजवीकडं तर उजवं,
एकाला ओलांडून दुसरं कधीच नाही.
"ओलांडलंस की दाव्यात अडकलेलं वासरू झालीस, लोहार."

पप्पा मातीतले. दोन्ही कान मोडलेले.
एकदाच आले, चपला काढून दारात उभे राहिले.
टाचा उचलून फिरताना मला बघितलं, म्हणाले,
"जमीन सोडल्यावर हातात उरतं काय?"
हवालदार म्हणाले, "वेळ."
दोघांनी चहा घेतला.
पुढं कुणी काही बोललं नाही.

मग काउंटर.
"जो मारतो तो दार उघडतो.
तिचा उजवा आला की तिची उजवी बरगडी उघडी.
तुझं डोकं तेवढं तिथं असू नये.
लांब पळू नकोस. चार बोटं सरक.
गावभर चुकलेल्या ठोशाचं काही नाही,
चार बोटांनी चुकलेला महागात पडतो."

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू,
ऑपरेशन दर दिवाळीनंतर.
स्टुलावर बसून, मान खाली घालून
ते माझे पाय ऐकायचे.
शेजारी पत्रा कापायचं मशीन किंचाळतंय, आणि त्यातून,
"टाच वाजली."
"परत वाजली."

कसबा बावड्याच्या हॉलमध्ये समोर ऐनापुरे आली,
इचलकरंजीची. तीही थांबणारी.
मी खांदा हलवला, ती हलली नाही.
तिनं डावा नुसता दाखवला, मी हलले नाही.
गोल फिरत राहिलो,
दोघींना जणू एकाच दोरीखालून जायचं होतं
आणि दोघी म्हणत होतो, तू आधी.
पंच म्हणाले, लढा.
मागून कुणीतरी ओरडलं,
झिम्मा खेळाय आल्यात व्हय!
हॉल हसला. ऐनापुरेही हसली,
गार्डातून तिचे दात दिसले नाहीत, डोळे दिसले.
मग ताकीद, दोघींना.

आधी कसं जायचं
हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं.
तिसऱ्या फेरीत मी गेले.
दार उघडलं, माझंच, पुरतं,
आणि तिचा उजवा आत आला
गौरीसारखा, थेट चुलीपर्यंत.
सगळं पांढरं झालं, पिठासारखं.
त्या पांढऱ्यात मी परत गेले.
परत.

हात तिचा वर झाला.

कोपऱ्यात हवालदारांनी माझा गार्ड
बाटलीतल्या पाण्यानं धुतला,
स्वच्छ झाल्यावरही धुतच राहिले.
मग म्हणाले,
"आज तुझे पाय ऐकू आले, लोहार."
रागावले की काय,
आवाजावरून कळेना.
सवयीनं मी हनुवटी खाली घेतली,
भुवयांखालून बघितलं:
पार मागं, दाराशी,
शंभर जोड्यांच्या ढिगात
पप्पा आपल्या चपला शोधत होते.